टाचेला कळतं

माझे गाईड चारुदत्त सर यांनी मला शेवाळ मोजायला बसवायचं ठरवलं, त्याच दिवशी सकाळी आमच्या बाबांनी करंजाड्यातल्या फ्लॅटच्या मागच्या ओट्यावर पाच घमेली चिखल आणून ओतला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तेव्हा कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. माझा स्वभावच तसा आहे. आई म्हणते, ही जन्मली तीच सुइणीशी भांडत.

ही गोष्ट २०१४ सालची. मी, रंजिता, पनवेलच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते, तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि माझा विषय होता बोकडाची नळी, म्हणजे मटणातलं मज्जेचं हाड. कागदावर त्याला भारदस्त नाव होतं, पण घरीदारी सगळे नळीच म्हणायचे. नळीच्या आतल्या मज्जेत अशा काही पेशी असतात, की मोठेपणी आपण काय व्हायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नसतं. मूलपेशी म्हणतात त्यांना. त्यांचं हाड होऊ शकतं, स्नायू होऊ शकतो, आणि मनात आणलं तर त्या मज्जातंतूसारखे लांब लांब हातही पसरतात. गंमत अशी, की खाऊ सगळ्यांना एकच घातला आणि फक्त बसायची जागा बदलली, तरी त्यांचा बेत बदलतो. मेंदूसारख्या लिबलिबीत जागेवर बसवलं तर त्या मज्जातंतूच्या वाटेला लागतात, आणि टणक जागेवर बसवलं की म्हणतात, चला, आपण हाड होऊ. परदेशात लोकांनी हे करून दाखवलं होतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसमध्ये होते. एकटीच मोठ्याने हसले, आणि शेजारच्या बाईंनी पर्स उचलून पलीकडच्या मांडीवर घेतली. पण हसू नको तर काय करू? ज्याला डोळे नाहीत, डोकं नाही, असा एवढासा जीव पायाखालची जमीन चाचपतो आणि त्यावरून आपलं आयुष्य ठरवतो. त्या दिवसापासून मला त्यांचं वेडच लागलं.

नळी मिळवण्यातच पहिला महिना गेला. पनवेलात मटणाला काय तोटा, आणि लॅबमधली माझी जोडीदार जिक्रा, तिचे मामू फहाद यांचं तर बाजारात मटणाचं दुकानच. पण मला नळी अखंड हवी होती, दोन्ही टोकं शाबूत, म्हणजे आत जंतू शिरत नाहीत. मामूंची रीत अशी, की ओळखीचं माणूस दिसलं की नळी प्रेमाने ठेचून द्यायची, रस्सा चांगला उतरावा म्हणून. पंधरा दिवस मी त्यांना फोडू नका म्हणत होते, आणि ते हां बेटा, हां बेटा म्हणत सुरा उलटा करून ठक्क. मनाने कबूल, पण हात ऐकत नव्हता. शेवटी जिक्राने गल्ल्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘रंजिताची नळी फोडायची नाही’. ती चिठ्ठी वाचून किती गिऱ्हाइकांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली ते विचारू नका.

आता बसायची जागा. ती आम्ही लॅबमध्येच करायचो. दोन द्रव मिसळायचे, त्याचा थेंब काचेच्या चकतीवर टाकायचा, वरून दुसरी काच अलगद ठेवायची, की मध्ये खरवसासारखा थर धरतो. त्याला आम्ही जेल म्हणायचो. द्रवाचं प्रमाण बदललं की जेल मऊ होते, नाहीतर कडक. मऊ, मधली आणि कडक अशा तीन जेल करायच्या आणि तिन्हींवर त्याच पेशी सोडायच्या. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याचं कारण आमच्या घरची तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाकरीला एकच परीक्षा: ती खिडकीकडे धरायची, आणि तिच्यातून उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला, तर आमची आई, म्हणजे सत्यवतीबाई, ती भाकरी बाजूला ठेवायची आणि करणारीकडे नुसती बघायची. त्या नजरेखाली मी वाढले. त्यामुळे माझी जेल इतकी पातळ, की जिक्रा विचारायची, काचेवर काही आहे की तू नुसती फुंकर मारलीस? सर तर पाहुण्यांना बोलावून माझी जेल दाखवायचे. मायक्रोस्कोपखाली चित्रही आरशासारखं स्वच्छ यायचं.

आणि त्या स्वच्छ चित्रात पेशी आपल्या सगळीकडे हाडच होताना दिसायच्या. हाडाच्या वाटेला लागलेली पेशी एका रंगाने जांभळी होते. माझी कडक जेल जांभळी, मधली जांभळी, मऊसुद्धा जांभळी. अकरा वेळा केलं. द्रवाची प्रमाणं बदलली, खाऊ बदलला, बोकड बदलला. मऊ जेल इतकी मऊ केली की चिमटा लावला तर फाटायची. तरी पेशींचा आपला एकच हेका. मी त्यांना खोटारड्या म्हणायचे, निमकहराम म्हणायचे, आणि एकदा मोठ्याने म्हटलं तेव्हा मागे सर उभे होते.

चारुदत्त सर वाईट माणूस नव्हेत. त्यांना कामाचा निकाल लागलेला आवडतो, इतकंच. पंधरा तारखेला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. अठ्ठावीसला काम तपासायला समिती येणार होती. तोवर मऊ आणि कडक जेलवर दोन वेगळे परिणाम दिसले तर ठीक, नाहीतर माझा विषय बदलणार: गाढी नदीतलं शेवाळ, जाती आणि संख्या. शेवाळ बरं असतं, पळून जात नाही, सर म्हणाले. म्हणजे तीन वर्षं पाण्यात, आणि तीही गाढीच्या. पण खरं सांगते, वर्षांचं मला तेवढं वाटलं नाही. ते एकदा, फक्त एकदा, माझ्या हाताखाली घडताना मला बघायचं होतं. भरल्या ताटावरून उठवल्यासारखं झालं आणि मी बसमध्ये घरापर्यंत रडले. शेजारच्या बाईंनी पुन्हा पर्स हलवली.

घरी दारातच सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णकांत उभे होते, पायांना चिखल आणि चेहऱ्यावर नियमावली. जिन्यापासून आमच्या दारापर्यंत चिखलाचे पाय उमटले होते आणि आई त्यांची बाजू घेऊन बाबांना बोलत होती.

आमचे बाबा, बळीराम, म्हणजे मिठागरातला माणूस. खाडीकाठचं मिठागर सरकारने नव्या शहरासाठी घेतलं, बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के असा प्लॉट करंजाड्यात मिळाला, त्यावर बिल्डरने इमारत उभी केली आणि तळमजल्यावरचा हा फ्लॅट आमच्या वाट्याला आला. आत पांढऱ्या लाद्या, तोंड दिसेल अशा. आई त्या दिवसातून दोनदा पुसायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. बाबांना मात्र पहिल्या दिवसापासून त्या टाचेला सलत होत्या.

आता ही टाच साधी नव्हे. मिठागरात पाऊस सरला की वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, कारण तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट येतं. तळ झाला की नाही ते सांगायला बाबांना बोलवायचे. बाबा वाफ्याच्या मधोमध जायचे, उजवी टाच टेकवायचे, अंगाचा भार सोडायचे आणि डोळे मिटायचे. बाकी सगळी माणसं बांधावर गप्प. मग बाबा म्हणायचे, अजून दोन दिवस तुडवा. नाहीतर म्हणायचे, सोडा पाणी. की लगेच वाफ्यात खाडीचं पाणी सोडायचं. शेजारच्या गावांतूनसुद्धा या टाचेला बोलावणं असायचं. आता तीच टाच हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आपटत फिरायची आणि वाटेत जो भेटेल त्याच्याशी भांडायची. या फ्लॅटमधल्या चार वर्षांत बाबा पार कडक झाले होते, अंगाने आणि जिभेनेही. माझ्याशी तर त्यांचं रोज वाजायचं.

म्हणून त्यांनी आपटा गावच्या आत्याकडून नदीकाठची चिकणमाती रिक्षात घालून आणली होती. मागच्या ओट्यावर, लादीवरच, ती पसरून, तुडवून, थापून त्यांना घरातल्या घरात एक वाफा करायचा होता. मीठ पिकवायला नाही, नुसतं उभं राहायला. कृष्णकांतांना हे कारण लिहून घेता येईना. त्यांच्या रजिस्टरात तसा रकानाच नव्हता.

पुढचे तीन दिवस मी लॅबमध्ये सगळ्यांवर खेकसले आणि बाबांनी घरी चिखल तुडवला. अठरा तारखेला सकाळी मी चहाचा कप घेऊन मागे गेले, तर बाबा आपल्या वाफ्याच्या मधोमध उभे, उजवी टाच टेकवलेली, डोळे मिटलेले. माती चांगली आळली होती. आई दारात उभी राहून काय होतंय ते बघत होती. बाबांनी डोळे उघडले, आणि त्यांचं तोंड कुणीतरी फसवल्यासारखं झालेलं.

“जमला नाय,” ते म्हणाले.

मी आधीच तापलेली. म्हटलं, चांगली चार बोटं माती आहे, मऊ आहे, आणखी काय हवंय तुम्हाला?

“वर माती हाय. खाली लादी हाय.”

मी म्हटलं, लादी आता दिसते तरी का कुठे.

“दिसत नाय. टाचेला कळतं. टाच वरचं नाय बगत बाय, खालचं बगते. चार बोटं मातीनं ती फसत नाय. हातभर पायजे.”

मी बरं म्हणून कप तोंडाला लावला, आणि तो तिथेच राहिला.

माझी जेल. तिच्यातून उजेड दिसायचा. माझी ती जगात भारी, फुंकरीएवढी पातळ जेल, आणि तिच्या खाली काय? काच. पेशी काही डोळ्यांनी बघत नाही. ती पाय रोवते आणि खालचं ओढून बघते, किती ताणतंय ते. जेल कितीही मऊ असली तरी इतकी पातळ, की पाय रोवला रे रोवला की खाली काच लागायची. काच म्हणजे लादी. अकरा वेळा त्या बिचाऱ्या मला हेच सांगत होत्या, बाई, खाली टणक आहे, आम्ही हाडच होणार. माझ्या पेशी खोटारड्या नव्हत्या. बोकडाच्या नळीतून आलेल्या त्या, पण बाबांच्या टाचेइतक्याच पक्क्या होत्या.

मी कप बाबांच्या हातात दिला, त्यांच्या मातीत उडी मारली, त्यांच्या गळ्यात पडले आणि त्यांच्या टाचेला नमस्कार केला, बहुतेक याच क्रमाने. आईला वाटलं, पोरगी गेली कामातून. मी घरातल्याच चपला घालून, एक पाय चिखलाचा, रिक्षा पकडून लॅबमध्ये पोचले आणि जिक्राला फोन केला. ती आली तोवर मी द्रव मिसळून बसले होते.

तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “जाड करायची म्हणतेस. पण तुला जमेल का यार?”

आणि खरंच जमेना. बोटं जाड थेंब सोडायला तयारच होईनात. मी ठरवून मोठा थेंब घ्यायचे आणि काच ठेवताना अंगठा आपोआप दाबला जायचा, की थर पुन्हा भाकरीसारखा. फहादमामूंना मी महिनाभर हसले होते, आणि माझा हात निघाला त्यांच्याच शाळेतला. पाच चकत्या वाया घालवल्यावर जिक्राने माझा अंगठा आपल्या मुठीत धरून ठेवला, आणि आम्ही दोघींनी तीन हातांनी मिळून जाड, ओबडधोबड, आईने बघितली असती तर बाजूला ठेवली असती अशी जेल केली. मऊ द्रवाची एक जाड आणि एक पातळ. कडक द्रवाची एक. तिन्हींवर एकाच बोकडाच्या पेशी, एकच खाऊ.

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. पेशींना सारखं बाहेर काढून बघायचं नसतं. मी पेशी ठेवलेल्या उबदार कपाटाच्या दाराला हात लावला की जिक्रा हातावर चापट मारायची. सर दोनदा येऊन शेवाळाच्या पुस्तकाची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवून गेले. घरी बाबांनी आपट्याहून आणखी माती आणायचं काढलं आणि आईने सांगितलं, आता या घरात एक तर माती राहील नाहीतर मी. कृष्णकांतांनी नोटीस चिकटवली. मी कुणाच्याच बाजूने भांडले नाही, यावरून आईला माझी काळजी वाटायला लागली.

सत्तावीसला रंग घातला. कडक जेल, जांभळी. ठरलेलंच. मऊ पातळ जेल, जांभळी, अगदी पहिल्या अकरा वेळांसारखी. मग मऊ जाड. मी डोळा लावला आणि मला आधी काही दिसेचना, चित्र धुरकट, जेल जाड म्हणून. स्क्रू फिरवत फिरवत खाली गेले. जांभळं कुठेच नव्हतं. आणि त्या धुरकटात एक पेशी हात पसरून बसली होती. एक हात इकडे, एक तिकडे, टोकाला आणखी बारीक फाटे. तिच्या पलीकडे दुसरी तशीच. तिसरी. मी मोजायला लागले आणि सतराला डोळ्यांत पाणी आल्यामुळे चित्र पुरतंच गेलं.

जिक्राने मला ढकलून डोळा लावला. स्क्रू मागेपुढे फिरवला. मग म्हणाली, “माशाल्ला, बाई माझी हाड नाही झाली.” आणि आम्ही दोघी अंगातल्या पांढऱ्या कोटांसकट कॉरिडॉरभर नाचलो. शेवाळाची झेरॉक्स मी डोक्यावर धरली होती.

समितीतल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी चित्र जरा अस्पष्ट असल्याची तक्रार केली. मी म्हटलं, सर, भाकरी जाड आहे. त्यांना कळलं नाही, पण आकडे कळले. पातळ आणि जाड, द्रव तोच, परिणाम वेगळा, हे त्यांनी तीनदा उलटसुलट विचारलं आणि तिन्ही वेळा माझं उत्तर टिकलं. हे सुचलं कसं, असं सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी खरं ते सांगितलं, की माझ्या वडिलांच्या टाचेमुळे. सर हसले, सगळेच हसले, आणि माझा विषय राहिला. केबिनबाहेर आल्यावर मी तीन पायऱ्या एकदम उतरले.

एकोणतीसला मी आई-बाबांना लॅबमध्ये नेलं. बाबांनी देवळात काढाव्यात तशा दाराबाहेर चपला काढल्या. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, हात पसरलेल्या पेशीकडे बघितलं आणि मान डोलवली. “हिला खाली काय टोचलं नाय,” ते म्हणाले, आणि लगेच आईकडे वळून त्यांनी आपला खटला चालवला, की मंग चार वर्षं मी भांडतंय त्यात माझा काय दोष, लादीचा हाय. आई म्हणाली, लादीच्या आदी पन तुमी असंच व्हता.

मग तिने बघितलं. मी तिला आधी पातळ जेल दाखवली, गच्च बसलेल्या जांभळ्या पेशी, आणि मग जाड. ती पुन्हा पातळ जेलकडे गेली, पुन्हा जाडकडे. बराच वेळ तिचं हेच चाललं होतं.

“दोनी सारख्याच व्हत्या?” तिने विचारलं.

मी म्हटलं, एकाच नळीतल्या. खाऊसुद्धा एकच.

येताना ती रिक्षात मधे बसली होती, आणि बाबांच्या पायांकडे बघत होती. मी माझ्याच आनंदात इतकी तरंगत होते की मला त्यात काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी मला जाग आली ती हातोड्याच्या आवाजाने. धावत मागे गेले. ओट्यावरची माती एका कोपऱ्यात ढकललेली, आणि आईने बोलावलेला गवंडी तिथल्या पांढऱ्या लाद्या एक एक करून उखडत होता. खालचं सिमेंटही फोडायला तिने सांगितलं होतं, पार जमीन लागेपर्यंत. कृष्णकांत हातात नोटीस घेऊन आले, तर तिने त्यांना इतकंच सांगितलं की फ्लॅट आमचा, ओटा आमचा आणि नवरा पन आमचा. नोटीस घेऊन ते परत गेले. बाबा आधी भिंतीला टेकून उभे होते, मग वाकून उखडलेल्या लाद्या बाजूला रचायला लागले. दुपारी आपट्याहून टेम्पो आला. आईने साडी खोचली आणि ती, मी आणि रविवारची बिर्याणी घेऊन आलेली जिक्रा, आम्ही तिघींनी मिळून ती माती तुडवली. तुडवताना आम्ही इतक्या घसरलो, की हसून हसून मला उभं राहता येईना.

चार दिवसांनी ती आळली. बाबा मधोमध गेले. उजवी टाच टेकवली, अंगाचा भार सोडला, डोळे मिटले. आम्ही तिघी, जिक्राही मुद्दाम आली होती, कठड्याशी गप्प उभ्या. त्यांचं तोंड हळूहळू सैल पडत गेलं, कपाळ, मग गाल, मग हनुवटी, आणि मिठागर गेल्यापासून न बघितलेले माझे बाबा मला दिसले.

“सोडा पाणी,” ते म्हणाले.

आणि आईने, कधीपासून हातात धरलेला तांब्या, त्यांच्या पायांवर ओतला.